अजितरावांचं बेंगळूर-दर्शन

॥ श्री ॥

बसवनगुडी, बेंगळूर
शनिवार, ३ फेब्रुवारी १९९६

चि. सौ. भाग्यास,

तुझ्या अहल्याअक्काचे पोटभर आशीर्वाद. (पाकिटावर 'आसावरी' असंच लिहीन, काळजी करू नकोस. सासरी तुझं नाव बदललं त्याला तीस वर्षं झाली, पण माझ्या पेनाला अजून भाग्यलक्ष्मीचीच सवय आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? मी पाठवलेलं तेल लावतेस, की कपाटात ठेवून लांबून नमस्कार करतेस? इथे आम्ही ठीक. माझा दम थंडीत स्वल्प वाढतो आणि मार्चमध्ये आपोआप उतरतो. डॉक्टर म्हणतात, गोळ्यांनी उतरतो. आमच्या ह्यांची तब्येत उत्तम आहे आणि सध्या या घरातली मुख्य अडचण तीच आहे.

तुझे अजितराव चार दिवसांसाठी म्हणून आले, आज अठरावा दिवस. तू फोनवर दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी 'रिझर्वेशन मिळत नाही' असं सांगितलं. एका गाडीचं रिझर्वेशन अठरा दिवस मिळत नाही यावर तू विश्वास ठेवलास, हा तुझा चांगुलपणा. म्हणून आज सविस्तर लिहायला बसले आहे.

तुला माहीतच आहे, हे तारखात्यातून निवृत्त झाल्यापासून फार बोलतात. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या सुखदुःखाच्या तारा आठ-दहा शब्दांत पाठवल्या, ते तुंबलेलं सगळं आता बाहेर येतंय. त्यात दोन वर्षांपासून एक नवीन खूळ. पाहुणे आले की त्यांना लालबाग दाखवायची नाही, विधानसौध दाखवायचं नाही. ते म्हणे शाळेच्या सहलींसाठी. 'आपण पाहुण्यांना घराची पुढची खोली दाखवतो, शहरही तेच करतं. जिज्ञासू माणसाने मागची खोली बघावी' असं ह्यांचं मत. (आमची मागची खोली तू पाहिली आहेस. तिथे तुटकी सायकल आणि सासूबाईंचा पाट आहे. जिज्ञासा भागावी असं काही नाही.) त्यासाठी एक वही केली आहे, तीत शहरातल्या सगळ्या विचित्र, भयाण आणि बसने न पोचता येणाऱ्या जागा लिहिलेल्या आहेत. नागपूरची मंडळी आली होती, ती या वहीमुळे दुसऱ्याच दिवशी म्हैसूरला निघून गेली. पण अजितरावांनी येण्याआधीच पत्रातून कळवलं होतं, मला नेहमीची ठिकाणं नकोत, तुमच्या वहीतली दाखवा. ते पत्र वाचताना ह्यांचा चेहरा मी पाहिला. लग्नात माझ्याकडे बघून एवढा उजळला नव्हता.

ते आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी सकाळी, आम्ही कँटोनमेंटमधल्या शवपेट्यांच्या एका जुन्या दुकानात गेलो. (हो, मीही. पाहुण्यांबरोबर घरच्या बाईने जायला हवं, असं हे म्हणाले. एरवी हे मला भाजीलाही नेत नाहीत.) लहानमोठ्या पेट्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, पॉलिशचा वास येत होता. मालक म्हातारे, फार सभ्य. त्यांनी आमचं स्वागत केलं, खुर्च्या दिल्या आणि मला एकदा डोक्यापासून पायापर्यंत बघून ह्यांना म्हणाले, "पाच फूट दोन. अम्मांना तयार मापातली चालेल, मुद्दाम करून घ्यायला नको." मी रागाने लाल झाले. ह्यांना अभिमान वाटला. तीस-पस्तीस वर्षांत माझ्या बांध्याचं ह्यांनी केलेलं हे पहिलं कौतुक, तेही दुसऱ्याच्या तोंडून. अजितरावांनी मात्र एकच प्रश्न विचारला, लाकूड किती वर्षं टिकतं? मालक म्हणाले, माणसापेक्षा जास्त. अजितरावांनी मान हलवली आणि बराच वेळ एका पेटीच्या कडेवरून हात फिरवत राहिले.

तिथून गोऱ्या लोकांच्या जुन्या दफनभूमीत. गवत गुडघाभर, त्यात दगड. ह्यांनी प्रत्येक दगड आधी इंग्रजीत वाचला, मग मराठीत सांगितला, मग त्यावर मत दिलं. कोण तापाने गेला, कोण वाघाच्या शिकारीला गेला आणि वाघानेच ती पुरी केली. माझे पाय दुखायला लागले म्हणून मी एका सपाट दगडावर बसले, तर हे ओरडले, "अहल्या, ऊठ! मेजरच्या छातीवर बसलीयेस!" मी म्हटलं, मेजरांची तक्रार असेल तर ते सांगतील. अजितराव एका कोपऱ्यात उभे होते. घोड्यावरून पडून गेलेल्या कोणा मुलाचा दगड होता, वय बावीस. ह्यांनी तो एकच दगड वाचून दाखवला नाही. मला तेव्हा वाटलं, घसा बसला असेल.

शुक्रवारी बेळ्ळंदूर. दोन बस बदलून आणि मग चालत तळ्याच्या काठी पोचलो. बघायचं काय, तर महायुद्धात इथे म्हणे पाण्यावर विमानं उतरायची. आता काय आहे? पाणी. तेही काळं, आणि वास असा की घरच्या मसाल्याच्या डब्यात तोंड खुपसावंसं मला वाटलं. हे छत्री उंचावून दाखवत होते, विमान तिकडून यायचं, असं वळायचं, इथे टेकायचं. तिथे टेकलेली एक म्हैस होती, ती उठली नाही. कपडे धुणाऱ्या एका बाईला ह्यांनी विचारलं, इथे विमानं यायची, तुला ठाऊक आहे का? ती म्हणाली, "विमान राहू दे स्वामी, इथे बसच येत नाही." अजितराव नाकाला रुमाल लावून, जे नाही ते अगदी मन लावून बघत होते. पुण्याची माणसं इतका वेळ मत न देता राहू शकतात हे मला पहिल्यांदाच कळलं.

आणि शनिवारी एका मोठ्या इस्पितळातलं मेंदूंचं संग्रहालय. ते शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे, पण शनिवारी कोणालाही आत सोडतात. फळ्यांवर ओळीने काचेच्या बरण्या, प्रत्येकीत एक मेंदू, खाली चिठ्ठी. नाव नाही, फक्त नंबर, बाई की पुरुष, वय आणि काय झालं ते. कोणाला गाठ, कोणाला ताप, कोणाला जंत. (कोबी नीट धुऊन घ्यावा, एवढं मी तिथून शिकले. तूही घेत जा.) तिथल्या औषधाच्या वासाने अजितरावांना स्वल्प गरगरलं. शिवाप्पा म्हणून तिथला शिपाई आहे, त्याने बसायला स्टूल दिलं. मग आम्ही बाहेर येऊन कॉफी प्यायलो आणि घरी आलो.

तर अशी हकीकत. प्रकृतीची काही काळजी नाही. जेवण कमी आहे, पण तुमच्या तिकडे रात्री पोळी खातात आणि इथे भात, त्यामुळे असेल. रिझर्वेशन मिळालं की येतील. गुडघ्यांना जप. तेल लाव.

तुझी,
अहल्याअक्का

ता. क. (गुरुवार, ८ फेब्रुवारी)

भाग्या, वरचं पत्र शनिवारीच लिहून झालं. पाच दिवस ते देवघरात ठेवलंय. त्यातलं शेवटचं पान खोटं आहे. शवपेट्या, मेजर, म्हैस हे सगळं खरं, पण गरगरलं ते खोटं. बाकीचं लिहायला मला सोपं गेलं, म्हणून ते आधी एवढं लांबवलं. आता तू बसून वाच. शेजारच्या बाईंना बोलावून घे, नाहीतर नको बोलावूस. पण बसून वाच.

शिवाप्पाने स्टूल दिलं ते गरगरलं म्हणून नाही. आम्ही आत शिरल्याबरोबर, कोणी न मागता, त्याने स्टूल उचललं आणि तिसऱ्या फळीसमोर नेऊन ठेवलं. मी विचारलं, हे कशाला? तो कानडीत म्हणाला, "साहेब इथेच बसतात ना अम्मा, दर वर्षी." मी ह्यांच्याकडे बघितलं. हे जमिनीकडे बघत होते. अजितराव स्टुलावर बसले होते. समोर बरणी होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं, पुरुष, वय एकवीस, वाहन अपघात, डोक्याला मार, ऑगस्ट १९८९.

आपला तनय, भाग्या.

त्या दिवशी तू पुण्याहून गाडीत होतीस. अजितराव मुंबईला कामावर होते, ते विमानाने आधी पोचले. इस्पितळाच्या जिन्यात एका डॉक्टरांनी त्यांना विचारलं, मेंदू ठेवून घेऊ का? इतक्या तरुण मुलाला नक्की काय आणि कुठे लागतं ते शिकणाऱ्या मुलांना दाखवता येईल, पुढच्या कोणाला वाचवता येईल. बाकी देह लगेच देऊ. जबरदस्ती नव्हती, भाग्या. डॉक्टर हात जोडून विचारत होते. अजितरावांनी सही केली. साक्षीदार म्हणून ह्यांनी केली. मी तेव्हा खाली बाकावर बसले होते. मला कोणीच काही सांगितलं नाही, गेल्या महिन्यापर्यंत.

दुसऱ्या दिवशी तू आलीस. विधी झाले, आपण अस्थी घेऊन श्रीरंगपट्टणला संगमावर गेलो. परत येताना तू गाडीत अजितरावांना विचारलंस, "सगळं नीट झालं ना? काही राहिलं नाही ना?" ते म्हणाले, "काही राहिलं नाही." मी शेजारीच होते, मला आठवतं. ते तीन शब्द त्या माणसाच्या घशात साडेसहा वर्षं अडकले आहेत. आधी वाटलं, वर्षश्राद्धानंतर सांगू. मग तुझी झोप गेली, मग तुझ्या गोळ्या सुरू झाल्या, मग तू जरा हसायला लागलीस, आणि हसणाऱ्या माणसाला हे कसं सांगायचं? दर ऑगस्टमध्ये ते ऑफिसच्या कामाने मद्रासला जायचे ना? मद्रासला जायचेच, पण जाताना एक दिवस इथे उतरायचे. हे त्यांना स्टेशनवर घ्यायचे, दोघे तिथे जायचे, आणि संध्याकाळच्या गाडीने ते पुढे. सहा वर्षं! माझ्या घरापासून चार मैलांवर येऊन, माझ्या हातचं न जेवता! (हे ऐकून आधी मला याचाच राग आला, बघ. माणूस किती मूर्ख असतो.)

डिसेंबरात अजितराव निवृत्त झाले, मद्रास संपलं. तुला काय सांगून यायचं? म्हणून या दोन म्हाताऱ्यांनी पत्रापत्री करून हा बेत केला. तळं, दफनभूमी, पेट्या, सगळं यासाठीच, की चौथ्या दिवशी संग्रहालय म्हटलं तर कोणाला नवल वाटू नये. आणि वहीसुद्धा. दोन वर्षं मी ज्याला खूळ म्हणत आले ते ह्यांनी अजितरावांच्या निवृत्तीची तारीख धरून आधीपासून माझ्यासमोर रुजवलं होतं. मला बरोबर का नेलं, हे मी ह्यांना विचारलं. म्हणाले, "आता माझ्याच्याने एकट्याने होईना अहल्या."

मीही जवळ जाऊन पाहिलं. कसं दिसतं ते मला सांगता येणार नाही. लोक अक्रोड म्हणतात, फ्लॉवरचा गड्डा म्हणतात, तसं काही नाही. एका बाजूला जखम आहे. मी एवढंच म्हणत होते, हा मुलगा कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आला आणि तीन महिन्यांत कानडी शिकला, ते इथे. आमच्या दूधवाल्याच्या चारही मुलींची नावं त्याला पाठ होती, ती इथे. ड्रॉइंगच्या पेपरात नापास झाला होता आणि 'मावशी, आईला सांगू नकोस' म्हणाला होता, तेही इथेच आहे. मी नाही सांगितलं. आज सांगते. सहा मार्कांनी गेला होता.

ता. क. दुसरं (तोच दिवस, दुपार)

जेवणं झाली. (कोणी जेवलं नाही, पण ताटं झाली.) आता मुख्य काम.

ते संग्रहालय महिनाअखेरीला नव्या इमारतीत जाणार आहे. हलवण्याआधी ते जुन्या नातेवाइकांना विचारताहेत, ठेवायचं की परत न्यायचं. परत नेलं तर रीतीने अग्नी देता येतो, एक डॉक्टर स्वतः बरोबर येतात म्हणे. ठेवलं तर पूर्वीसारखंच फळीवर राहील आणि मुलं शिकतील. कागदावर आईची किंवा वडिलांची सही हवी. तो कागद आमच्या जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीखाली तीन आठवडे पडून आहे. अजितराव म्हणतात, "एकदा तिला न विचारता सही केली अक्का, पुन्हा करणार नाही." आणि तुला सांगायचं तोंडही त्यांना नाही. तीनदा आम्ही कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये गेलो. एकदा मीच नंबर लावला. तू विचारलंस, तिकडे थंडी आहे का गं? मी म्हटलं, आहे. आणि फोन ठेवला.

काल मी त्यांना म्हटलं, मी लिहिते. ते म्हणाले, "लिहा, पण माझ्या बाजूने काही लिहू नका." म्हणून लिहीत नाही. एवढंच सांगते, की ते आमच्या व्हरांड्यात बसून असतात, पेपर उलटा धरतात, आणि रोज सकाळी दाढी मात्र करतात.

भाग्या, तू ये. महिनाअखेरीच्या आत ये. त्यांच्यावर ओरड, ह्यांच्यावर ओरड, ह्यांना तर भरपूर ओरड. मग तिसऱ्या फळीसमोर बस किंवा बसू नकोस, ठेवायचं की न्यायचं ते तू सांग. जे म्हणशील ते होईल, मी बघते कोण नाही म्हणतो ते. तुला एकटीने प्रवास जमणार नसेल तर तार कर, हे येऊन घेऊन येतील. तेवढ्यासाठी तरी त्यांना तारेची भाषा येते.

ता. क. शेवटचं (शुक्रवार, सकाळ)

पाकिटाला डिंक लावला होता, पुन्हा उघडलं. कडा फाटली आहे, समजून घे.

कालच्या पानांत मी दोघा पुरुषांना किती नावं ठेवली ते आज वाचलं. लपवलं, खोटं बोलले, बायकांना फसवलं. भाग्या, तनय त्या दिवशी कॉलेजला जात नव्हता. सगळ्यांना मी तसंच सांगितलं, पोलिसांना, तुला, ह्यांनासुद्धा. दुसऱ्या दिवशी गोकुळाष्टमी होती. माझा चकलीचा सोऱ्या जयनगरला माझ्या मैत्रिणीकडे, कावेरीकडे होता. पोराची सकाळची तासिका नव्हती, तो अंथरुणात लोळत वाचत होता. मी म्हटलं, ऊठ रे, स्कूटर काढ, तेवढा सोऱ्या घेऊन ये. तो म्हणाला, मावशी, दहा मिनिटांनी जातो. मी म्हटलं, पीठ वाळतंय, आत्ता जा.

तो गेला. कावेरीपर्यंत पोचलाच नाही, लॉरी वाटेतच होती. सोऱ्या अजून तिच्याकडेच आहे. ती दोनदा पाठवते म्हणाली, मी नको म्हटलं. तेव्हापासून या घरात चकली झालेली नाही, आणि ह्यांना वाटतं माझा दम तेलाच्या धुराने वाढतो म्हणून.

अजितरावांनी जिन्यात सही केली ती तो गेल्यावर. मी त्याला पाठवलं ते तो असताना. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, तुलाच पहिल्यांदा. पत्र तू मोठ्याने वाचणार असशील तर हे पान आधी काढून घे. किंवा नको काढूस. आता मला तेही चालेल.

उद्यान एक्सप्रेस सकाळी येते. मी स्टेशनवर असेन, एकटी. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, घरापर्यंत आपण गप्प बसून जाऊ. फक्त तुझी पिशवी तेवढी माझ्या हातात दे.

अहल्या